नदीपलीकडचा अर्धा दिवस

निघोज्याच्या समाधान ओव्हाळच्या घरी जे घडलं, त्याची सुरुवात अगदी साधी होती. चिंचवड स्टेशनजवळच्या एका सहलीच्या कचेरीत तो तिकिटांचे कागद आणायला गेला होता, एवढंच.

समाधान चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर. गाडीचे सुटे भाग हातात घेऊन, उजेडात फिरवून, हा चालेल आणि हा चालणार नाही असं सांगायचं, हे त्याचं काम. बायको दीक्षा तळेगावच्या एका दवाखान्यात नर्स. आणि आई, कस्तुराबाई. पिंपरीच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये सव्वीस वर्षं ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून तिनं माणसांना जेवू घातलं होतं. आता गुडघे गेले होते. तिची इच्छा एकच होती, परदेशातला बुद्ध बघायचा. म्हणून कंपनीच्या दिवाळीच्या सुट्टीत तिघांनी थायलंडला जायचं ठरलं होतं.

कचेरीतला प्रितम कागद देता देता म्हणाला, "भाऊ, सहाव्या दिवशी तुम्ही पार सीमेवरच्या गावात आहात आणि दिवस मोकळा आहे. समोर नदी आहे. नदीपलीकडं लाओस. पुलावरून बस जाते. सकाळी जायचं, दुपारी परत. अर्ध्या दिवसात अजून एक देश होतो. टाकू का?"

समाधानला ते पटलं. इतक्या लांब जायचं आणि समोरच्या दारात डोकावायचंही नाही, हे काही बरं नव्हे. त्यानं हो म्हटलं.

घरी आल्यावर आईला सांगितलं, तेव्हा ती मेथी निवडत होती. म्हणाली, "एकच देश नीट बघू की रं. पाव्हणं म्हणून एका घरी जावं, आन् जाता जाता शेजारच्या घरात कशाला शिरावं?"

"अगं, अर्धाच दिवस."

"मग ने बाबा. तुझी हौस हाय तर."

सहल छान झाली. मोठमोठे विहार पाहून कस्तुराबाई गप्प गप्प व्हायची, हात जोडून तासन् तास बसायची. सहाव्या दिवशी सकाळी ते पुलावर गेले. खाली नदी होती, रुंद, मातकट, आवाज न करता सरकणारी. या टोकाला पासपोर्टवर एक शिक्का, त्या टोकाला दुसरा. पलीकडे एका गाडीवाल्यानं त्यांना काठावरच्या एका जुन्या विहारात नेलं. तिथं गर्दी नव्हती. पांढऱ्या वस्त्रातली एक म्हातारी उपासिका लांब दांड्याच्या झाडूनं अंगण झाडत होती. एका प्रचंड झाडाची सावली अख्ख्या अंगणावर पडली होती, आणि त्या सावलीत दुपारीही गारवा होता; विहिरीत वाकून बघितल्यावर तोंडावर येतो तसला.

जांभळं लुगडं सावरत, बटवा मांडीवर ठेवून आई नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर बसली. "तुमी या बाजार करून. माझं गुडघं बोलाय लागल्यात. मी हितंच बसते."

दीक्षाला तिथलं विणकाम बघायचं होतं. दोघं गेले. जायला यायला धरून दीड तास लागला असेल.

परतले तेव्हा पायऱ्यांवर कुणी नव्हतं. आई विहाराच्या फाटकात उभी होती. ताठ. रस्त्याकडे तोंड करून, जणू ते नेमके त्याच क्षणी येणार हे तिला ठाऊक होतं. झाडणारी उपासिका अंगणात नव्हती. झाडू झाडाला टेकवून ठेवलेला होता.

"आई, तुझा बटवा कुठंय?" दीक्षानं विचारलं.

"कुठला बटवा?"

गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला होता. बटव्यात सुपारी, एक रुमाल आणि समाधानचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी, एवढंच असायचं. राहू दे म्हणून ते निघाले.

पुलावर मजुरांची गर्दी होती. समाधान आणि दीक्षा रांगेत अडकले. आईचा पासपोर्ट समाधानच्याच खिशात होता. तिला पुढं घ्यावं म्हणून त्यानं मान वळवली, तर ती काउंटरच्या पलीकडे, बसच्या दाराशी उभी.

"आई, तू पुढं कशी गेलीस?"

"सोडलं की त्यांनी," ती म्हणाली.

म्हातारं माणूस बघून सोडलं असेल. समाधानच्या मनात एवढंच आलं. पुढं बँकॉकला काय झालं, मुंबईला काय झालं, हे त्यानं नंतर आठवून बघायचा खूप प्रयत्न केला. त्याला एवढंच आठवायचं की दर वेळी रांग होती, धावपळ होती, आणि दर वेळी आई पलीकडे आधीच उभी होती.

घरी आल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं ते दीक्षाच्या. पण ती बोलली नाही. संध्याकाळी दवाखान्यातून आली की ती सासूच्या टाचांना मलम लावून द्यायची. सव्वीस वर्षांच्या ओल्या फरशीनं त्या टाचांना भेगा पाडल्या होत्या, बोट आत जाईल अशा. परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं मलमाची डबी उघडली, पाय मांडीवर घेतला आणि ती तशीच बसून राहिली. टाच गुळगुळीत होती. अजून जमिनीला न टेकलेल्या तान्ह्या पोराची असते तशी.

"काय गं पोरी?" सासू म्हणाली. "लाव की."

दीक्षानं मलम लावलं. रोजच्यासारखं, दोन्ही टाचांना.

मग वंदना. घरात रोज दिवेलागणीला तिघं बुद्धवंदना म्हणायची आणि आईचा आवाज सगळ्यांत वर असायचा. आता तिचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. डोळे दीक्षाच्या तोंडाकडे लावून ती अर्धा शब्द मागून चालली होती. चौथ्या दिवसापर्यंत तिला सगळी वंदना येऊ लागली.

समाधानला यातलं काही दिसलं नाही. त्याला उलट आई सुधारल्यासारखी वाटत होती. गुडघे दुखायचे थांबले होते. ती कुरकुरत नव्हती. शिवाय तिला गप्पांची गोडी लागली होती. पहिल्या पाळीवरून तो दुपारी घरी यायचा, तर ती गॅलरीत वाट बघत असायची.

"समा, तुझा बाप कसा रं व्हता?"

वय झालं की माणूस मागचं उकरत बसतं, असं त्याला वाटलं. तो सांगत बसला. वडील खंडू ओव्हाळ, फाउंड्रीत कामाला. घरी आले की अंगाला जळक्या वाळूचा वास यायचा. आईला बघायला गेले तेव्हा घाबरून चहा स्वतःच्याच निळ्या शर्टावर सांडला, आणि ही आतल्या खोलीत इतकी हसली की लग्न तिथंच ठरलं. आई मन लावून ऐकायची. मध्ये बोलायची नाही. तिचा श्वाससुद्धा ऐकू यायचा नाही.

दोन दिवसांनी विमलबाई भेटायला आल्या. आईच्या चाळीतल्या आणि कॅन्टीनमधल्या, चाळीसहून जास्त वर्षांच्या मैत्रीण. आईनं त्यांना तीच चहाची गोष्ट सांगितली. जळकी वाळू, निळा शर्ट, सगळं.

"निळा कुठला गं?" विमलबाई हसल्या. "पांढरा व्हता. तूच सांगायचीस, डाग शेवटपर्यंत गेला न्हाई म्हणून."

"निळाच व्हता," आई म्हणाली. आणि तिनं समाधानकडे पाहिलं. बरोबर आहे ना, असं विचारल्यासारखं.

समाधानला आठवलं. शर्ट पांढराच होता. निळा तो चुकून बोलला होता.

त्याच आठवड्यात, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, जेवणाच्या सुट्टीत त्याला फोन आला. नंबर परदेशातला, व्हिडिओचा कॉल. तो कॅन्टीनमागच्या शेडपाशी गेला. आतून प्रेस मशीनचा एकसारखा दणका ऐकू येत होता. पडद्यावर एक अंगण दिसलं, मोठ्या झाडाची सावली दिसली. पांढऱ्या वस्त्रातल्या उपासिकेनं फोन कुणाच्या तरी तोंडापुढं धरला.

जांभळं लुगडं. हातात बटवा.

"समा..." पडद्यावरची आई म्हणाली. "अरं, कवा येतो न्यायला? लई येळ झाला की. मी हितंच बसलीय... पायरीवर."

समाधानच्या हातातला डबा खाली पडला. पडद्यावरची बाई डोळे बारीक करून बघत राहिली.

"समा? आवाज येत न्हाई का रं तुला..."

फोन कटला. त्यानं सुपरवायझरला तब्येतीचं कारण सांगितलं आणि मोटरसायकल काढून घरी आला. दार ढकललं. आई जमिनीवर मांडी घालून मेथी निवडत होती. गेल्या पाच वर्षांत तिला मांडी घालता आली नव्हती.

"आज लवकर आलास?" ती म्हणाली. "बस. काहीतरी सांग की."

तो उलट्या पावली जिन्यात आला आणि त्यानं दीक्षाला फोन लावला. दीक्षानं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं टाचांचं सांगितलं.

संध्याकाळी दोघांनी आतल्या खोलीत कपाटातले पासपोर्ट काढले. समाधानच्या पासपोर्टवर सगळे शिक्के होते, दीक्षाच्याही. आईच्या पासपोर्टवर थायलंडमध्ये आल्याचा शिक्का होता, पुलावर बाहेर पडल्याचा होता, लाओसमध्ये शिरल्याचा होता. त्यापुढं काही नव्हतं. परतीचा एकही शिक्का नाही. मुंबईत परतल्याचाही नाही.

"म्हणजे कागदावर आई अजून तिकडंच आहेत," दीक्षा हळू आवाजात म्हणाली.

बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "काय बोलताय रं? मला बी सांगा..."

दुसऱ्या दिवशी एक वाजून दहा मिनिटांनी पुन्हा फोन आला. समाधान रात्रभर जागा होता. एका गोष्टीनं खरंखोटं कळेल असं त्यानं ठरवलं होतं.

"आई, बाबा तुला बघायला आले तेव्हा चहा कशावर सांडला?"

पडद्यावरची बाई विचारात पडली. "कसला चहा?"

"आठव की. तू आत बसून हसली होतीस."

"न्हाई बा... ध्येनात न्हाई." तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. मग ती कसनुसं हसली. "समा, तुझ्या बापाचं नाव काय रं... कालपासून आठवतीय. त्वांडावर येतंय, आन् जातंय."

शेडपाशी ऊन होतं, तरी समाधानला थंडी भरून आली. त्याला कळलं. इकडे गॅलरीत बसून त्यानं जे जे सांगितलं होतं, ते ते तिकडच्या पायरीवरून उठून आलं होतं. त्यानंच ते हातानं उचलून दिलं होतं.

त्या दिवसापासून दोघांनी घरात बोलणं बंद केलं. पण ती बाई गप्प बसणारी नव्हती. दोघं कामावर गेली की ती सोसायटीत हिंडायची, बाकावर बसायची, लिफ्टजवळ थांबायची. ज्याला त्याला म्हणायची, मी कशी हाय, मला सांगा की. म्हातारीची गंमत म्हणून लोक सांगायचे. विमलबाईंना समाधाननं फोन करून येऊ नका म्हटलं, त्याच्या आत त्या येऊन गेल्या होत्या. अख्खी दुपार बसल्या होत्या. कॅन्टीन, चाळ, नळावरची भांडणं, संप, लग्नं, मयतं. चाळीस वर्षं त्यांनी एका बैठकीत सांगून टाकली होती.

त्यानंतरच्या फोनला तिकडची बाई समाधानकडे नुसती बघत राहिली. उपासिका तिच्या कानाशी काही म्हणत होती. बाईनं बोटानं पडद्याला हात लावला आणि काढून घेतला. तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. अंगण झाडून घेतल्यावर दिसतं तसं ते तोंड.

"तुम्ही जा," दीक्षा म्हणाली. "तिकडं राहायची मुदत तीस दिवसांची आहे. बावीस झाले."

"आणि तू? हिच्याबरोबर एकटी?"

"मी तोंड उघडणार नाही. तुम्ही जा फक्त."

तो निघाला त्या सकाळी ती बाई दारापर्यंत आली. "कुठं चाललास?"

"कंपनीच्या कामाला."

"जा," ती मायेनं म्हणाली. तिच्या आवाजात खरोखर माया होती, आणि समाधानला भीती वाटली ती त्याचीच. "आल्यावर सगळं सांग मला. काय बी ठेवू नको."

पूल, शिक्का, गाडी. विहाराच्या फाटकातून तो आत गेला तेव्हा दुपार होती. जांभळ्या लुगड्यातली बाई अंगण झाडत होती. एक पाय ओढत, गुडघ्यावर हात ठेवत. त्यानं टाचांकडे पाहिलं. भेगा होत्या. तो तिथंच खाली बसला आणि रडला.

बाई जवळ आली. "कोन रं बाबा तू? का रडतोस?"

"मी समाधान. तुझा मुलगा."

"मला मुलगा हाय व्हय?" ती म्हणाली. आनंद नाही, दुःख नाही. गावाचं नाव विचारावं तसं.

मग तो तिला पायरीवर घेऊन बसला आणि सांगू लागला. दोन दिवस सांगत होता. उपासिका भात आणून ठेवायची आणि निघून जायची. वडिलांचं नाव सांगितलं, वाळूचा वास सांगितला, चहा सांगितला. शर्ट या वेळी पांढरा सांगितला. पहिल्या दिवशी ती नुसती ऐकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मध्येच म्हणाली, "थांब. डाग गेलाच न्हाई त्याचा. मी राख लावून बघितली व्हती." हे समाधाननं सांगितलं नव्हतं. त्याच्या अंगावर काटा आला, पण सुखाचा.

त्याच वेळी दीक्षाचा फोन आला. ती कुजबुजत होती. "इकडं... त्या बाई भिंतीला धरून उभ्या आहेत. मला विचारतात, हे घर कुणाचं. तुम्ही थांबू नका. सांगत राहा."

तो सांगत राहिला. कॅन्टीन, चाळ, विमलबाई, त्याचं आणि दीक्षाचं लग्न. दुपार कलायला लागली. नदीवरून ओला वारा येत होता. आईच्या डोळ्यांत ओळख आली होती. तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला. आणि मग ती म्हणाली, "आनिक कोन व्हतं रं? तुझ्याआधी कोनतरी व्हतं. मांडीला जड लागतंय... आन् नाव येत न्हाई."

समाधान थांबला.

त्याच्याआधी नीला होती. त्याची थोरली बहीण. तो जन्मायच्या तीन वर्षं आधी, तीन वर्षांची असताना, तापानं गेली. तिला पवनेच्या काठी पुरली होती. त्यानं तिला पाहिलं नव्हतं, पण तिच्या जाण्याच्या सावलीत तो वाढला होता. आई दर वर्षी एक दिवस जेवायची नाही. कुणाच्या तीन वर्षांच्या मुलीला कडेवर घ्यायची नाही. हे दुःख तिनं एकेचाळीस वर्षं वाहिलं होतं. आता ते तिच्या अंगावरून उतरलं होतं, आणि तिच्या पाठीवर ते पुन्हा चढवायचं का, हे त्याच्या हातात होतं.

"सांग की," आई म्हणाली. "कोन व्हतं?"

"नीला," तो म्हणाला. "माझी थोरली बहीण."

"व्हय... नीला." तिचा चेहरा उजळला. "कुठं हाय ती?"

कुणीही मुलगा जे करील तेच त्यानं केलं. तो म्हणाला, "सासरी आहे. तळेगावला. सुखात आहे."

आईनं लांब श्वास सोडला. गुडघ्यावर हात टेकून उठली. "मग चल. घरी जाऊ."

पुलावर अधिकाऱ्यानं पासपोर्ट उघडला, आईकडे पाहिलं, शिक्का मारला. पलीकडच्यानंही मारला. दोन्ही वेळा आई समाधानच्या शेजारी, त्याचा हात धरून उभी होती. बसमध्ये बसल्यावर त्यानं दीक्षाला फोन लावला.

"गेल्या," दीक्षा म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "आत्ताच. उठल्या, नळ गळत होता तो बंद केला. जाते म्हणाल्या. दार उघडलं आणि गेल्या. मी जिन्यात कान देऊन उभी राहिले... पावलं वाजलीच नाहीत."

वॉचमननं कुणाला बाहेर जाताना पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर सगळं पुन्हा जागेवर आलं. आईचे गुडघे दुखू लागले. वंदनेत तिचा आवाज वर चढू लागला. संध्याकाळी दीक्षा मलमाची डबी उघडायची आणि त्या भेगांवरून बोट फिरवताना तिचे डोळे भरून यायचे. परदेशचं नाव घरात कुणी काढत नव्हतं. एकच गोष्ट राहिली होती.

"नीलाला फोन लाव की," आई म्हणायची. "लई दिवस झालं."

"लागत नाही तिचा," समाधान म्हणायचा.

दीक्षा त्याला म्हणाली, "सांगून टाका खरं. उशीर केला तर जास्त लागेल त्यांना." त्यालाही पटत होतं. पण आई हसायची, जेवायची. डिसेंबरात तो दिवस आला, दर वर्षी ती उपाशी राहायची तो, आणि तिनं पोटभर पुरी खाल्ली. ते बघून त्याची जीभ रेटेना. पुढच्या रविवारी सांगू, असं म्हणत त्यानं तीन रविवार घालवले.

मग एकदा बाजारात विमलबाई भेटल्या. नीलाला पुरलं तेव्हा विमलबाई तिथं होत्या. आईला त्यांनीच धरून घरी आणलं होतं. त्यांनी समाधानची पिशवी चाचपली, भाजीची चौकशी केली आणि सहज म्हणाल्या, "नीला आली न्हाई व्हय रं दिवाळीला? तळेगाव काय लांब हाय?"

समाधाननं पिशवी खाली ठेवली. "मावशी... तुम्हाला कुणी सांगितलं नीला तळेगावला आहे?"

"कुनी सांगाय कशाला पायजे?" विमलबाई म्हणाल्या. "तिच्या लग्नात मी वाढलंय की."

घरी येऊन त्यानं दीक्षाला हे सांगितलं. सांगताना तिच्याकडे पाहायचं त्याला धाडस होत नव्हतं. दीक्षानं गॅस बंद केला. मग अगदी हळू म्हणाली, "अहो... मला माहीत आहे नीलाताई वारल्या. मला माहीत आहे. पण सकाळपासून मला त्यांचं तोंडही आठवतंय."

रविवारी अकराच्या सुमाराला बेल वाजली. बाहेर स्वच्छ ऊन होतं. खाली पोरं क्रिकेट खेळत होती, लांब कुठल्या तरी कंपनीचा भोंगा वाजत होता. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "नीला आसंल. दार उघड."

समाधाननं दार उघडलं. दारात चव्वेचाळीस-पंचेचाळीसची एक बाई उभी होती. साधी साडी, हातात प्रवासाची पिशवी, वडिलांचं नाक. ती त्याच्याकडे परकं माणूस बघतं तशी बघत होती. मग म्हणाली, "तू समा ना?"

आई भिंतीला धरत बाहेर आली. तिनं त्या बाईला कवटाळलं आणि ती इतकी रडली, इतकी हसली, की समाधान आणि दीक्षा दोघंही हलू शकले नाहीत. खरं सांगायची वेळ निघून गेली होती. आता कुणाला काय सांगणार? आईनं तिला शेजारी बसवून जेवू घातलं. स्वतःच्या हातानं घास भरवला. नीला प्रत्येक घास निमूट खात होती. भातातला कढीपत्ता मात्र लहान मुलासारखा तोंडातून काढून ताटाबाहेर ठेवत होती.

दुपारी आई आत जाऊन आडवी झाली. तिला लगेच झोप लागली. कित्येक वर्षांत ती इतकी गाढ झोपली नव्हती. दीक्षा स्वयंपाकघरातून बाहेर यायला तयार नव्हती. समाधान गॅलरीत उभा होता, कठडा घट्ट धरून. मागून पावलं आली. नीला त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या अंगाला ओल्या मातीचा, नदीकाठचा वास येत होता. तिनं एकदा आत बघितलं, आई उठली तर नाही ना म्हणून. मग आवाज खाली आणून, भ्यालेलं पोर विचारतं तसं तिनं विचारलं,

"समा... मला तिसऱ्या वर्षापर्यंतचं सगळं आठवतं. त्याच्या पुढचं... तू सांग ना."